साहेबाची पत्रावळ

काम तसं साधंच होतं. एकोणऐंशी साली माझ्या अमेरिकेतल्या भाच्यानं घरमालकिणीसाठी एक गळ घातली. तिच्या पूर्वजांपैकी कोणी हार्लन साहेब शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतून आमच्या भंडाऱ्याकडे आला, एकोडीला घर करून लाखेचा व्यापार केला आणि परत गेलाच नाही. त्याचं कोणी उरलंय का, एवढं बघायचं. मी जवाहरनगरला कारखान्यात कारकून. अक्षय तृतीयेची सुट्टी होती, निघालो.

खरं सांगू? मला घराबाहेर पडायचं होतं. हिवाळ्यात बायको गेली. मी रडलो नाही. अन्नाला चव म्हणून लागत नव्हती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांना जेवू घालतात; तिला पितरांत मिळवायचा तो पहिलाच सण, आणि तिची पत्रावळ मीच वाढायची होती.

"बाबा, दुपारच्या आत या न," माझी लेक सत्यवती म्हणाली. "नाही तं आई उपाशी राहीन."

"येतो," म्हटलं.

एकोडीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धानाच्या बांध्या भेगाळलेल्या, हवेत मोहाचा आंबूस वास, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. विचारत विचारत एका घरी गेलो. दारात देवकाबाई नावाची म्हातारी उभी होती. रंग सावळा, डोळे मात्र राखाडी.

"साहेब? माह्या मायचा बाप तो," ती म्हणाली.

झालं काम. मी वळलो.

"असे काहून जाता? आज त्याची पत्रावळ हाये. त्याच्या नावानं जेवाले माणूस लागते, अन् गावातलं कोणी बसत नाही." मग हळूच म्हणाली, "घरचं पान झालं न तुमचं? आपलं माणूस उपाशी ठेवून दुसऱ्याच्या पितराचं खाऊ नये, नाही तं तो आपल्या जागी घरी जाऊन बसते..."

मी नुसती होकारार्थी मान हलवली. खरं सांगायचंही त्राण नव्हतं.

तिनं माझे पाय धुतले आणि "या आजा" म्हणत पाटावर बसवलं. भात, कढी, वडे. पहिला घास घेतला आणि चव लागली. इतक्या महिन्यांनी! मी अधाशासारखा खात सुटलो.

"जेवले, आजा?"

"अजून..." माझ्या तोंडून निघालं.

ती वाढत राहिली. मी मान वर केली तेव्हा उन्हं उतरली होती.

दिवेलागणीला क्वार्टरवर आलो. सत्यवती अंगणात आईची पत्रावळ उचलत होती. चाटूनपुसून रिकामी. मला पाहून ती दचकली.

"तुमी तं आत झोपून होते न, बाबा?"

"मी आत्ता येऊन राहिलो."

"काहीतरीच! दुपारीच आले तुमी. आईची पत्रावळ वाढली, अन् तिथंच बसून सारं खाऊन टाकलं. कावळा खाली उतरलाच नाही. मी म्हणलं, खाऊ द्या..." तिचे डोळे भरून आले. "पहिल्यांदा रडले तुमी आज. माह्या मांडीवर डोकं ठेवून... मले किती बरं वाटलं, बाबा."

मला काहीच वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही. बायको उपाशी राहिली, एवढं मात्र कळलं.

आतली खाट करकरली. मग झोपेतून उठलेल्या माझ्याच आवाजात कोणीतरी विचारलं,

"सत्यवती... कोण आलं, बाई?"