दोड्डव्वाचा हात

"अक्का, आज तुमी वरच थांबा."

दानेश्वरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून हे बोलली, आणि वर उभ्या असलेल्या सिद्धेश्वरीचा, तिच्या थोरल्या जावेचा, खांद्यावर पदर घेणारा हात तसाच थांबला. भोगीचा दिवस होता, ती पहाटेच न्हाऊन इरकल नेसली होती. खाली चौकात शरूसाठी फुगे फुगवणं चाललं होतं. शरू म्हणजे दानेश्वरीची एकुलती एक लेक, आज पाच वर्षांची होत होती. असं काहीतरी होणार, हे सिद्धेश्वरी आठवडाभर ओळखून होती. पण इतक्या सरळ, इतक्या सपाट आवाजात कुणी सांगेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं!

दानेश्वरीनं पुढचंही सांगून टाकलं. आजच्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही, केक कापताना खाली यायचं नाही, पाहुण्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगू. चटणी कांडायला सिद्धेश्वरीनं परसात जायचं तर वाट स्वयंपाकघरातून होती, म्हणून आजची चटणीसुद्धा दानेश्वरी स्वतःच कांडणार होती.

"तू? तू कदी मुसळ धरलंस?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"आज धरीन," दानेश्वरी म्हणाली आणि मागं न बघता गेली.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद दुमजली घराच्या पुढच्या अंगाला चटणीचं दुकान होतं, आणि दुकानाचं सगळं नाव सिद्धेश्वरीच्या हातात होतं. भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, तिखट… तेल सुटेपर्यंत उखळात कांडायचं. सोळा वर्षं ती रोज पहाटे हे करत आली होती. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला आलेली माणसं परत जाताना तिच्या चटणीचे पुडे न्यायची, त्यामुळे जत्रेच्या दिवसांत मुसळाला विसावा नसे. नवरा मल्लिनाथ दुकान बघायचा, धाकटा दीर प्रभु, दानेश्वरीचा नवरा, गावोगाव माल पोचवायचा. दानेश्वरी शाळेत शिकवायची. तिनं चटणीच्या कामात आजवर बोट घातलं नव्हतं, आणि तिनं घालावं असं कुणी म्हटलंही नव्हतं.

सिद्धेश्वरीला मूल नव्हतं. हे वाक्य लिहायला सोपं, तिच्यासारखं सोळा वर्षं ऐकत राहायला अवघड… शरू झाली तेव्हा दानेश्वरीची शाळा, रजा संपलेली, मग बाळ आपसूक सिद्धेश्वरीच्या मांडीवर आलं. अर्धं बोलणं कानडीत चालणाऱ्या त्या घरात शरू पहिला शब्द बोलली तो 'अव्वा' नव्हे, 'दोड्डव्वा', मोठी आई! घरातले सगळे हसले होते. दानेश्वरीही हसली होती, पण तिच्या आईनं, मल्लव्वानं, त्या हसण्यात भाग घेतला नव्हता, हे सिद्धेश्वरीच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं.

शरूच्या जेवणाचे नखरे फार. आमटी नको, भाजी नको, कूट घातलेलं काही दिसलं की तोंड फिरवायची. दूधभात तेवढा खायची, तोही दोड्डव्वानं कालवून भरवलेला. सिद्धेश्वरी उखळावरून उठायची, हात पाण्यात बुचकळायची, पदराला पुसायची आणि घास करायची. आणि मग कधी पोरीच्या ओठांभोवती लाल चट्टे उठायचे, कधी उलटी व्हायची, कधी डोळे सुजायचे. एका डॉक्टरांनी उष्णता सांगितली, दुसऱ्यांनी जंत. मल्लव्वानं मात्र औषधाचं नावच घेतलं नाही. वांझ बाईची माया लेकराला बाधते, एवढंच ती लेकीच्या कानात बोलली, आणि नेमकी सिद्धेश्वरीला ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

दानेश्वरी शिकलेली. तिनं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नाही. तिनं मोबाइलमध्ये तारखा लिहायला सुरुवात केली. कधी चट्टे उठले, त्याआधी कुणी भरवलं होतं… दिवाळीपर्यंत अकरा तारखा झाल्या, आणि अकराही वेळा भरवणारा हात एकच होता. तिनं तो मोबाइल जावेपुढं धरला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मला तुमच्यावर संशय घ्यायचा नाही, असं म्हणतच तिनं संशय घेतला.

त्या दिवसापासून सिद्धेश्वरीनं शरूला भरवणं सोडलं. आणि दोन महिने… पोरीला एकही चट्टा उठला नाही!

सिद्धेश्वरीची खरी शोकांतिका इथं सुरू झाली होती. लोकांनी खोटा आळ घेतला तर माणूस निदान रडू तरी शकतं, देवापुढं उभं राहून जाब विचारू शकतं. पण इथं आळच खरा निघाला होता! ती रात्रंदिवस स्वतःच्या मनाची झडती घेऊ लागली. शरूच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढताना एक क्षण तिच्या मनात आलं होतं, ही माझ्या पोटी का नाही… बस, एक क्षण! तोच बाधला असेल का? आपल्या वात्सल्याच्या तळाशी मत्सर तर नाही ना बसलेला, आपल्याच नकळत? दुसऱ्यांचा संशय दाराबाहेर ठेवता येतो, स्वतःचा कुठं ठेवायचा? मल्लिनाथला तिनं एकदा विचारलं तर तो खाली मान घालून म्हणाला, कशाला डोक्यात घेतेस. पण 'तसं काही नसतं' हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत, आणि ते न निघालेले शब्द तिच्या काळजात रुतून बसले.

म्हणून आज ती दार लोटून बसली. खाली मुसळ पडू लागलं. घाव चुकत होते, मध्येच थांबत होते; कांडणारीला सवय नाही हे न बघताच कळत होतं. दुपार उलटली तरी तो आवाज चालूच राहिला. शरू दोनदा जिन्याशी येऊन हाका मारून गेली. दोन्ही वेळा मल्लव्वानं तिला ओढून नेलं, आणि दोन्ही वेळा सिद्धेश्वरीनं तोंडात पदर कोंबून हाक आत गिळली.

चारच्या सुमारास प्रभु जत्रेतल्या अक्षता सोहळ्याहून परतला, अंगात पांढरी बाराबंदी, हात जोडूनच घरात शिरणारा भाविक माणूस. शेजारची पोरं जमली. शरूनं केक कापायला सुरी उचलली तेव्हा दानेश्वरी परसात शेवटचं उखळ उपसत होती. थांब थांब, म्हणत ती धावत आली आणि पदराला हात पुसून लेकीशेजारी उभी राहिली. सिद्धेश्वरीला राहवलं नाही. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणून ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

टाळ्या झाल्या. दानेश्वरीनं बोटांनी केकचा तुकडा मोडून लेकीच्या तोंडात घातला, मग दुसरा, मग लाडानं गालाला हात लावला.

शरू खोकली. पुन्हा खोकली. ओठ बघता बघता सुजले, गालावर लाल गांधी उठल्या, आणि श्वास घेताना घशातून शीळ वाजावी तसा आवाज येऊ लागला. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं. सगळे भांबावले, आणि त्याच क्षणी मल्लव्वानं मान वर करून जिन्याकडं बोट दाखवलं.

"ती बघ. वर उबी ऱ्हाऊन नजर लावूलाली हाय."

चौकातले सगळे डोळे वर वळले. मल्लिनाथचेसुद्धा! मी तर शिवलेही नाही, सिद्धेश्वरी मनात म्हणत होती, आज मी तिला शिवलेही नाही… आणि हे म्हणता म्हणताच तिचं लक्ष दानेश्वरीच्या हाताकडं गेलं. नखांत लाल तिखटाचा गाळ, बोटांवर शेंगांच्या तेलाची तकाकी, तळव्याच्या रेषांत कूट. हा हात तिच्या ओळखीचा होता. सोळा वर्षं तो तिचाच होता!

ती चार-चार पायऱ्या उतरत खाली आली. दानेश्वरी लेकीला छातीशी धरून मागं सरकली.

"अक्का, हात लावू नका तिला."

"न्हाय लावत," सिद्धेश्वरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "पर तू बी लावू नको. दाने, तुजा हात बघ. शेंगा हायत त्याला. माज्या हाताला रोज असायच्या. प्रभुभावजी, तुमचा हात कोरडा हाय, तुमी उचला पोरीला."

कुणी काही समजायच्या आत प्रभुनं शरूला उचललं. जत्रेमुळं पेठेतून गाडी निघणं शक्यच नव्हतं. सिद्धेश्वरी पुढं झाली. जी बाई सोळा वर्षांत मोठ्यानं बोलली नव्हती, ती त्या गर्दीत पदर कमरेला खोचून वाट मागत, माणसं बाजूला सारत धावत सुटली. मागं बाराबंदीतला प्रभु, त्याच्या खांद्यावर निळसर पडत चाललेली शरू आणि सर्वांत मागं अनवाणी दानेश्वरी. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? केक, असं दानेश्वरी म्हणू लागली, तर तिला अडवून सिद्धेश्वरी म्हणाली, केक नाही, शेंगा. शेंगांचं बघा.

डॉक्टरांनी एकच क्षण तिच्याकडं रोखून बघितलं आणि पोरीच्या मांडीत सुई टोचली.

अर्ध्या तासानं शरूचा श्वास सरळ झाला. अशी मुलं असतात, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. शेंगदाण्याचा कण त्यांना विषासारखा, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. नुसत्या पाण्यानं तेलकट हात निघत नाहीत, तेवढा अंशही पुरतो. घरात शेंगदाणा येतो का, असं त्यांनी विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! ज्या घराच्या भिंतींनासुद्धा भाजल्या शेंगांचा वास, त्या घरानं उष्णतेवर संशय घेतला, जंतांवर घेतला, एका बाईच्या मायेवर घेतला. शेंगेवर घ्यायचं तेवढं कुणाला सुचलं नाही. सोलापुरात शेंगेवर संशय घेतो कोण?

दुकान बंद करून मल्लिनाथ आला. सगळं ऐकून तो बायकोसमोर उभा राहिला. मग उखळ उद्याच होटगीला चुलतभावाच्या शेतावर नेऊन टाकतो, घरात शेंगेचं टरफलही नको, असं तो तुटक तुटक बोलला. तुजं नाव जाईल त्या चटणीबरोबर, एवढंही पुढं म्हणाला. जाऊ दे, ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. पण जिन्याकडं वळलेली त्याची नजर मात्र तिनं अजून माफ केली नव्हती, आणि तेही तिनं त्याला तिथंच सांगितलं. तो मान हलवून बाकावर बसला.

मल्लव्वा दाराशी घुटमळून, कुणाकडं न बघता, निघून गेली होती. कोपऱ्यात भिंतीला टेकून दानेश्वरी बसली होती, दोन्ही हात पुढं धरून, जणू ते कुणा दुसऱ्याचे असावेत. सिद्धेश्वरी जवळ गेली तशी ती हुंदका देऊन बोलली.

"अक्का, अकरा तारखा लिवल्या मी. सगळ्यांत तुमचं नाव. आज बारावी, तिच्यात माजं. मी माज्या हातानं… तुमाला खोलीत कोंडून… मला दोन मुस्काटात तरी मारा की."

सिद्धेश्वरीच्या मनात काय काय दाटून आलं! दोन महिने उपाशी ठेवलेली माया, स्वतःच्या काळजावर घेतलेला तो भयानक संशय, आणि आत्ता या पोरीच्या तोंडावरचं तेच भय, जे तिनं रोज आरशात बघितलं होतं… मीच का, माझ्याच हातानं का! ते भय कसं पोखरतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"राग हाय मला. लई हाय," ती म्हणाली. "तो जाईल तवा जाईल. पर तुज्या हातात पाप न्हवतं दाने. माज्याबी न्हवतं. हे आज कळलं, एवढं बास मला."

आतून शरूची क्षीण हाक आली. दोड्डव्वा… सिद्धेश्वरी दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थबकली. आज सकाळपासून तिनं शेंगेला स्पर्शही केला नव्हता. हात स्वच्छ होते, तिला ते माहीत होतं. तरी पाऊल पुढं पडेना. डॉक्टरांनी संशय काढून टाकला होता, पण तो ज्याच्या अंगात मुरला आहे त्याच्यातून असा अर्ध्या तासात निघतो का!

दानेश्वरी उठली. तिनं जावेचं मनगट धरून तिला नळाशी नेलं, साबण घेतला आणि लहान मुलाचे धुवावेत तसे तिचे हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याच साबणानं स्वतःचे धुतले.

खाटेशी आल्यावर दानेश्वरी बाजूला सरकली.

"लावा की हात, अक्का."

सिद्धेश्वरीनं तळवा शरूच्या कपाळावर ठेवला आणि क्षणात उचलला. ती वाकून त्या जागेकडं बघत राहिली, डोळ्यांत प्राण आणून, एखादा ठिपका, एखादी लाली उमटते का म्हणून. शेजारी दानेश्वरीही वाकली. घड्याळात एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. शरू केव्हाच झोपून गेली होती. तिच्या कपाळावर काहीच उमटलं नाही.