टोपीविना बार

लिंबाजी महादेवप्पांच्या विहिरीशी पालथा मरून पडला होता. पाठीत छर्रे आणि बाजूला कलंडलेली घागर.

नवा लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, पाऊस मात्र त्याच्याही आधीपासून रुसलेला. मुरुडकडच्या या गावात पाणी उरलं होतं ते महादेवप्पांच्या विहिरीत. बंदूकही त्यांचीच एकट्याची, ठासणीची, पीक राखायच्या परवान्याची.

पण त्या बंदुकीला टोप्या नव्हत्या. जमादार श्रीमंतने त्या स्वतः ठाण्यात नेऊन लाखेने बंद केल्या होत्या. घोडा ज्या तांब्याच्या टोपीवर आपटला की बार उडतो, ती टोपी कोणी घरी ठेवायची नाही, असा वरून हुकूम आला होता. बंदूक घरी ठेवा, रानडुकरं आली तर अर्ज करून टोपी न्या. डुकरांनी आधी कळवून यावं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

महादेवप्पांनी चावडीवर भांडण मांडलं होतं. "बंदुकीचा परवाना हाय ना? मग टोपीला येगळा कायदा कशाला? उद्या म्हणाल, बैल ठेव, कासरा जमा कर."

तेव्हा लिंबाजीच म्हणाला होता, "टोप्या ठाण्यात हायत तेच बरं, आप्पा. आमाला शिवारात पाय टाकायचं भ्या तरी न्हाई."

त्याच भरवशावर बिचारा पहाटे घागर घेऊन गेला. श्रीमंतला ते आठवलं.

फौजदारसाहेबांनी दुपारपर्यंत भुजंगला पकडलं. भुजंग हाक्याला, म्हणजे आरडाओरड करून रानडुकरं उठवायला, जाणारा मजूर. त्याच्या कोनाड्यात एक टोपी सापडली. महादेवप्पांच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या खोपटातली, बंदूक चोरून यानेच बार टाकला, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं.

भुजंगची बायको कोंडाबाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. "हाक्यात खाली पडलेली घावली, जमादारसाहेब. चमकती म्हणून ठेवली. त्यास्नी सोडवा."

श्रीमंतने टोपी हातात घेऊन पाहिली. ती उडालेली नव्हती.

तो महादेवप्पांच्या आखाड्यावर गेला.

"आप्पा, पहाटे कुठं होता?"

"हितंच, निजलो हुतो."

"बार ऐकला?"

"ऐकला. पर माझ्यावर येऊ नका. टोप्या तुमच्याकडं हायत. टोपीबिगर बार उडतो व्हय?"

श्रीमंतने बंदूक उचलली. दारूचा वास ताजा होता. घोडा आपटतो तिथे मेण चिकटलं होतं, आणि मेणात लाल कागदाचा जळका कपटा. त्याने बंदूक बरोबर घेतली.

बाहेर शेजारच्या रानातली सरजाबाई भेटली.

"मावशी, बाराच्या आधी हाक ऐकली का?"

"न्हाई बा. राखणदार आधी 'कोन हाय' म्हनून आरडतोच की. आज नुसताच बार."

तिथून श्रीमंत मुरुडला गेला. किराणा दुकानदार म्हणाला, "दिवाळीच्या उरलेल्या टिकल्या आप्पांनी सगळ्या नेल्या. मला नवलच वाटलं, त्यांच्या घरात लेकरू न्हाई."

संध्याकाळी आखाड्यावर श्रीमंतने फौजदारसाहेबांसमोर बंदूक ठेवली.

"साहेब, पोरं खेळण्यातल्या पिस्तुलात वाजवतात त्या लाल टिकल्या. चार-पाच दुमडून मेणाने बसवल्या की टोपीचं काम होतं. हा कपटा त्याच कागदाचा. भुजंगकडे खरी टोपी होती, मग त्याने टिकली कशाला लावली असती? ज्याच्याकडे टोपी नाही, त्यालाच टिकली लागते."

"आणि सरजाबाई म्हणते हाकच ऐकली नाही, ते का?"

"हाक दिली असती तर आप्पांची बंदूक चालू आहे, हे गावाला कळलं असतं. म्हणून आप्पा मुके राहिले. ज्या हुकमाला शिव्या घातल्या, त्याच्याच आड लपले."

महादेवप्पा खाटेवर बसले. "डुक्कर वाटलं," ते हळू म्हणाले. "पान्यावर वाकलं हुतं. हाक व्हटावर आली हुती, श्रीमंता. म्या गिळली."

श्रीमंतला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हींचा लिंबाजीला काही उपयोग नव्हता.

ठाण्यात कोंडाबाई अजून पायरीवरच होती. सगळं ऐकून ती उठली. "मग ह्यास्नी सोडा की आता."

फौजदारसाहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "खुनातून सुटला. टोपी बाळगल्याचा गुन्हा राहतोच. टिकल्या हुकमात नाहीत, टोपी आहे."

"साहेब, ती टोपी होती म्हणूनच खरं बाहेर..." श्रीमंत बोलू लागला.

"म्हणजे ती त्याच्याकडे होती हे तुम्हीच सिद्ध केलंत, जमादार."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर चोरही धरला होता.

जीप लागली. महादेवप्पांना म्हातारे म्हणून पुढे बसवलं. भुजंग मागे, बेडीत. कोंडाबाईने जीपचा दांडा धरला.

"जमादारसाहेब, एका टोपीपायी किती दिस आत ठेवत्यात?"

श्रीमंतला माहीत नव्हतं. त्याने फौजदारसाहेबांकडे पाहिलं, त्यांनाही माहीत नव्हतं. नव्या जिल्ह्यात या हुकमाखाली अजून कोणालाच धरलं नव्हतं. भुजंग पहिलाच होता.