मुक्या दरीतली हजेरी

हे मी वर्गात कधीच सांगितलं नाही. मुलं घाबरतील म्हणून नव्हे. "मग ते काय होतं, गुरुजी?" असं मुलं विचारतील, आणि त्याचं उत्तर मला येत नाही, म्हणून.

पण यातला शब्द न् शब्द खरा आहे.

साल १९८७. जानेवारीतला रविवार. भर दुपार. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी.

मी तिथे शिक्षक होतो. दिवसा मुलं, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात प्रौढांचा वर्ग. हजेरी दोन्हीकडे एकाच सुरात घ्यायचो. नियमही एकच. नाव ऐकलं की उजवा हात वर, आणि खणखणीत "हजर!"

बिजला माझा सगळ्यात हौशी प्रौढ विद्यार्थी. चाळिशीचा गडी. दोन वर्षांत नाव लिहायला शिकला, आणि घराच्या दारावर कोळशाने सहा वेळा लिहून आला.

वर्गाच्या उंबऱ्यावर एक तांबडा कुत्रा बसायचा. हजेरी संपली की एकदाच भुंकायचा. म्हणून त्याचं नाव पडलं हजऱ्या. मीही गमतीने शेवटी त्याचं नाव पुकारायचो.

बिजलाची बायको दिवालीबाई हसायची. "कुत्रा बी शिकी राह्यना का, गुरुजी? मग मनी बकरीनं नाव बी टाका!"

गावाच्या उत्तरेला एक दरी होती. तिला मुकी दरी म्हणत. प्रतिध्वनीचा धडा चालू असताना मुलांनी विचारलं, "गुरुजी, ती मुकी का? तिथे आवाज परत येत नाही का?"

मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, बघून येतो, मग सांगतो.

बिजला वाट दाखवायला आला. दरीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "तठे बोलानं नही, गुरुजी. नाव तं लेवानंच नही."

"का रे?"

"मुकी शे."

एवढंच. मी मनात हसलो.

वाट फार वाईट होती. पायाखाली सुटे दगडगोटे, दोन्ही बाजूंना काळे कडे, मधे करवंदाच्या जाळ्या. हजऱ्या पुढे, मागे बिजला, शेवटी मी. तासाभराने एक डोह लागला. डोहापलीकडे घराएवढा खडक.

मी टाळी वाजवली.

काहीच परत आलं नाही.

पुन्हा वाजवली. नाही. बिजलाने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं. मी वहीत टिपून घेतलं.

मान वर केली, तर हजऱ्या दिसेना. खडकामागे गेला असावा. वाट बघितली... त्याच्या पायांचा आवाज नाही. पाखरांचा नाही. पाण्याचाही नाही.

मला राहवलं नाही.

"हजऱ्या!"

शांतता.

मग खडकामागून...

"हजर."

माणसाचा आवाज. स्वच्छ, खणखणीत. मी शिकवला होता तसा.

आणि त्याच क्षणी आमच्या मागच्या जाळीतून हजऱ्या बाहेर आला. पाठीवरचे केस उभे. नजर खडकावर.

दुसऱ्याची हजेरी लावणारी पोरं मी पुष्कळ पकडली आहेत. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चावटपणा करतंय. तेवढ्यात वरून, कड्यावरून, हजेरी सुरू झाली.

"बिजला..."

तो माझा आवाज होता. माझाच सूर.

माझे ओठ मिटलेले होते.

बिजलाला दरीचा नियम ठाऊक होता. लहानपणापासून. पण दोन वर्षं रोज संध्याकाळी मी त्याला दुसरा नियम शिकवला होता. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला.

"हजर!"

तो हात कुणीतरी धरला.

बिजला जमिनीवरून उचलला गेला. कड्यावर आपटला. एकदा... दोनदा. हात खांद्यातून निखळल्याचा आवाज मी ऐकला. मग तो वर ओढला जाऊ लागला, कडा घासत. दगडावर रक्ताचा पट्टा उमटत गेला. मी त्याच्या पायांना मिठी मारली. माझीही पावलं जमिनीवरून सुटली.

हजऱ्याने झेप घेतली. बिजलाच्या मनगटाच्या वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्याने दात रोवले.

तो तसाच लटकत राहिला. रिकाम्या हवेत, जबडा आवळून.

वरून माझ्याच आवाजात किंकाळी आली. आम्ही दोघे खाली कोसळलो. हजऱ्या मात्र वर गेला. त्याला त्या कड्यावर इतक्या वेळा आपटलं, की शेवटी आवाज ओला यायला लागला.

मी बिजलाला खांद्यावर टाकलं आणि पळालो. तो बेशुद्ध होता. त्याचं डोकं माझ्या पाठीवर लोंबत होतं.

आणि मागून बिजलाचा आवाज आला.

"गुरुजी... ओ गुरुजी..."

मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. दरी संपेपर्यंत काढला नाही.

दरी मुकी नव्हती. तिथे माणसाने मुकं राहायचं होतं. बिजलाने सांगितलं होतं तेच. मी नीट ऐकलं नाही.

बिजला वाचला. जळगावला दवाखान्यात दीड महिना होता. उजवा हात कायमचा गेला. शुद्धीवर आल्यावर एकच वाक्य बोलला, "तो तुमना आवाज व्हता, गुरुजी."

चैत्रात तो वर्गात परत आला. डाव्या हाताने पहिल्यापासून अक्षरं गिरवायला बसला. मी हजेरीत नावं घेणं सोडलं. नुसते आकडे. एकोणीस जण. शेवटचा आकडा झाला, मी पट मिटला...

"हजर."

उंबऱ्यावरून.

सगळे हसले. एकमेकांना कोपरं मारू लागले, कोण रे तो?

मी बिजलाकडे बघितलं. त्याने डावी मूठ तोंडात कोंबली होती.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. आता मी सावद्यात असतो, घर नातवंडांनी भरलेलं आहे. ती बाहेरून हाक मारतात, "आबा!" मी ओ देत नाही. मग ती रुसतात.

मी आधी दारापर्यंत जातो. तोंड बघतो.

परवा बघितलं, तर अंगणात कुणीच नव्हतं.