आत्ता काय करते आहेस?

रोज दुपारी साडेबाराला एर्सिलिया अचाओ गावच्या रेडिओवर लोकांचे निरोप वाचायची. आसपासच्या बेटांवर अजून फोन पोचले नव्हते. स्टुडिओच्या दाराशी कुलूप लावलेली लाकडी पेटी होती, तिच्यात सकाळी नऊपर्यंत चिठ्ठ्या पडायच्या. ‘रोसेंदोला कळवा, डुक्कर विकलं, गुरुवारी होडी पाठव.’ ‘आईला सांगा, मुलगी झाली.’ स्वतःचा निरोप नसला तरी बेटाबेटांवरच्या बायका चुलीशी कान देऊन बसायच्या.

एका सोमवारी बिनसहीची चिठ्ठी निघाली. ‘चाउलिनेक बेटावरच्या डोमितिलाला विचारा, आत्ता काय करते आहेस?’

यंत्रावर बसणारा फिदेल हसला. “जुना आशिक दिसतोय! पण सगळे आपले ‘काय करतेस’ विचारतात. ‘करते आहेस’ म्हणजे अगदी समोर उभं राहून विचारल्यासारखं.”

मंगळवारी तेच अक्षर. ‘डोमितिला, लोकर राहू दे. दूध उतू जातंय.’

शनिवारी बाजाराला आलेली डोमितिलाबाई थेट रेडिओच्या दारात उभी. अकरा वर्षं एकटी राहणारी विधवा, हातात अंड्यांची टोपली.

“कोण लिहितं गं ते?”

“माहीत नाही, बाई. का?”

“सोमवारी तू विचारलंस. घरात चिटपाखरू नाही, म्हणून मीही गमतीनं रेडिओलाच उत्तर दिलं, ‘लोकर पिंजतेय बाई!’ आणि मंगळवारी तू वाचायला नि दूध उतू जायला एकच गाठ.”

एर्सिलियानं मनात वेळ जुळवून पाहिली. ती चिठ्ठी तर सकाळी नऊलाच पेटीतून निघाली होती.

“मग यापुढे नको वाचू?”

“वा गं! मला विचारणारं दुसरं आहे कोण?” चार अंडी टेबलावर ठेवून बाई चालती झाली.

एर्सिलियाला चैन पडेना. सोमवारी पहाटे पेटी रिकामी असल्याची खात्री करून तिनं कुलूप लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसली. चार माणसं आली, चार चिठ्ठ्या पडल्या. कुलूप उघडलं तर आत पाच.

त्या दुपारी निरोप संपल्यावर तिनं माइक बंद केला नाही. “आणि हे लिहिणारं जे कुणी असेल,” ती म्हणाली, “तुम्ही आत्ता काय करता आहात?”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘बसले आहे. डोमितिलाच्या शेजारी.’

ते तिनं वाचलं नाही. बुधवारी दात दुखतोय म्हणून फिदेलला कळवलं आणि चाउलिनेकची होडी पकडली.

“काल माझा निरोप विसरलीस,” डोमितिलाबाई दारातच फणकारली. मग तिला आत नेऊन चुलीजवळच्या बाकावर बसवलं आणि येर्बाच्या कडू चहानं वाळक्या भोपळ्याचा तुंबा भरायला घेतला. बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. घरात दोघींशिवाय कुणी नव्हतं. एर्सिलियानं माळासुद्धा बघून घेतला.

साडेबारा वाजले. रेडिओवर फिदेल अडखळत वाचू लागला. दोन निरोप झाले. तिसऱ्याला तो थांबला.

“हे... चाउलिनेकला. एर्सिलिया, जरा सरकून बस. ती माझी जागा आहे.”

एर्सिलिया सरकली.

डोमितिलाबाईनं मान वर केली नाही. हात लांब करून भरलेला तुंबा बाकावर मोकळ्या झालेल्या जागेशी धरला, आणि थोड्या वेळानं मागे घेतला.

तो रिकामा होता.