लिफ्टवाल्याची फिरलेली मतं

फोन लागला तेव्हा तो माणूस लिफ्टच्या टपावर बसला होता. आत नाही हं, टपावर! आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकलेली.

"बोला!" तो ओरडला. त्या विहिरीसारख्या अंधाऱ्या जागेत त्याचा आवाज असा काही घुमला, की इकडे ऑफिसात बसलेल्या घुमीच्या कानावरचा हेडफोन गरम झाला.

"नमस्कार. आम्ही रोजच्या गोष्टींवर लोकांची मतं गोळा करतो. आपल्याकडे थोडा वेळ आहे का?"

"माझ्याकडे आहे. आत अडकलेल्या काकांना विचारावं लागेल." मग पत्र्यावर ठकठक. "काकाऽ! थोडा वेळ आहे का?"

"अरे गाढवा, आधी मला बाहेर काढ!"

"काढतो हो. पार्ट आणायला माणूस गेलाय. तोवर ह्या बाई आपली मतं विचारतायत."

"मतं?" खालचा आवाज एकदम मवाळ झाला. "कशाकशावर?"

घुमीने पहिला प्रश्न वाचला. आठवड्यातून चारच दिवस काम असावं का? टपावरून उत्तर आलं, "छे!" आणि पत्र्याखालून भाषण आलं. मुलांनी मोबाईलवर गेम किती वेळ खेळावेत, शाळा कोणत्या भाषेत असावी, बसचं तिकीट कोणाला माफ असावं – काका प्रत्येक प्रश्नाला असे तुटून पडत होते, की पार्ट आला, लिफ्ट सुरू झाली, दार उघडलं, तरी म्हणे बाहेर येईनात. "थांब रे, बसचा मुद्दा राहिलाय."

"एका नंबरवर एकाच माणसाचं मत घेता येतं," घुमी म्हणाली. तिने ओठ दाताखाली धरला होता. हसायला मनाई होती.

"मग माझंच घ्या," टपावरचा म्हणाला. "काकांचं काय, कुणीही घेईल."

नंबर निवडायचं काम मशीनचं. लाखो नंबरांतून मशीनने नेमका हाच उचलला. त्याला योगायोग म्हणा नाहीतर मशीनचा वात्रटपणा.

आता ह्या ऑफिसची रीत सांगायला हवी. एकदा हो म्हटलेल्या माणसाला वर्षभर, महिन्यातून एकदा फोन करायचा. तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि मतं कशी बदलतात ते बघायचं. फोन करणारीही तीच, कारण ओळखीच्या आवाजाशी माणूस मोकळं बोलतो. पण फोन करणारीने स्वतःचं मत म्हणून द्यायचं नाही. समोर लिहिलेलं वाचायचं. त्याखेरीज "हं", "बरं" आणि "आणखी काही?" एवढंच बोलायची मुभा. समोरच्याने उलट विचारलंच, तर म्हणायचं, "माझं मत इथे महत्त्वाचं नाही."

घुमीला हे वाक्य म्हणायला काहीच कष्ट पडत नसत. जन्मभर तिने दुसरं काय केलं होतं? आईवडील लहानपणीच गेले आणि ती आत्याकडे वाढली. आत्याची मतं इतकी, की त्या घरात दुसऱ्या कुणाचं मत ठेवायला जागाच नव्हती. पडद्याचा रंग, पंतप्रधानांची चाल, शेजारणीच्या जावयाचं नाक – आत्याचं मत तयार! पोरगी गप्प बसून ऐकायची. म्हणून आत्यानेच नाव ठेवलं घुमी. ऑफिसातही तेच चिकटलं.

दुसऱ्या महिन्यात घुमीने फोन लावला.

"अरे वा! आज मी जमिनीवर आहे," लिफ्टवाला म्हणाला. "विचारा."

"नोकरीची वेळ संपल्यावर साहेबाने कामासाठी फोन करू नये, असा कायदा असावा का?"

"असावा."

"बरं."

"थांबा, थांबा! असा कायदा झाला तर तुम्ही मला संध्याकाळी फोन करू शकाल ना?"

"मी... आपली साहेब नाही."

"मग हरकत नाही. लिहा, कडक कायदा असावा. तुमचं काय मत?"

"माझं मत इथे महत्त्वाचं नाही."

"इथे नाही. मग कुठे आहे? तिथे येतो मी."

घुमीने पुढचा प्रश्न वाचला. वाचताना एक शब्द गिळला आणि कानाच्या पाळ्या लाल करून घेतल्या.

असे महिने जायला लागले. महिना म्हणजे काय असतो ते घुमीला तेव्हा कळलं. पूर्वी पगार ते पगार असायचा, आता फोन ते फोन झाला. फोनचा दिवस जवळ आला की ती केस धुवायची. फोनवर केस दिसत नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी. फोन झाला की दोनतीन दिवस ती त्याची उत्तरं मनातल्या मनात घोळवायची, आणि मग उरलेले दिवस कोरडे... नुसते ढकलायचे.

एकदा शाळेच्या भाषेचा प्रश्न पुन्हा आला. बाहेर पाऊस होता, त्याच्या बाजूलाही होता. कुठल्यातरी पत्र्यावर ताशा वाजत होता.

"शाळा ना..." तो बोलता बोलता थांबला. "कुठल्याही भाषेत चालेल, पोटापाण्याची असली म्हणजे..."

"हं," घुमी म्हणाली.

दोन्हीकडचा पाऊस तेवढा ऐकू येत राहिला.

"नाही," तो हळूच म्हणाला. "लिहा – ज्या भाषेत आई रागावते, त्या भाषेत शिकवावं."

त्या एका वाक्यावर घुमीने आख्खा महिना काढला. भांडी घासताना म्हटलं, बसमध्ये म्हटलं. बसमधल्या अनोळखी बाईने "काय म्हणालात?" विचारलं, तेव्हा जिभेला कुलूप घातलं.

गेमचा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, "मी खेळतो की! मारामारी नाही जमत मला. एक गेम आहे, तळ्याकाठी छोटं गाव. तिथे एक बाक आहे, त्यावर बसायचं बटण आहे. दिवसभर लोकांना वरखाली करून घरी आलो, की मी तिथे जाऊन बसतो."

"आणखी काही?"

"बाकावर दोघांची जागा आहे. माझ्या शेजारी अजून कुणी बसलं नाही. हे लिहू नका."

तिने लिहिलं नाही. पण तो गेम मोबाईलवर उतरवला. आत्या पाठीमागून डोकावली.

"काय गं, ती बाहुली नुसती बसलीये! बसून गुण मिळतात?"

"नाही."

"मग काय मिळतं?"

"काही नाही. बसायचं."

"तेवढ्यासाठी मोबाईल कशाला हवा? माझ्या शेजारी बस, भाजी निवड."

त्या गावात हजारो बाहुल्या हिंडत. त्यातली त्याची कोणती, कुणी सांगावं? घुमी बसून राहायची. कुणी शेजारी आलं की ती मोबाईल दोन्ही हातांनी धरायची. मग ती बाहुली उठून मासे पकडायला निघून जायची.

आणि मग एक दिवस कानवाल्या मॅडमनी तिला बोलावलं.

मॅडम म्हणजे तिची साहेब. सगळ्या फोनांचं रेकॉर्डिंग ऐकणं हे त्यांचं काम. हेडफोन इतकी वर्षं डोक्यावर, की केसांना मधोमध वळ पडलेला. त्यांच्याबद्दल सांगायचे, की पलीकडच्या खोलीत कुणी खोटं बोललं तरी त्यांना शिंक येते.

"तुझा तो लिफ्टवाला," मॅडम म्हणाल्या. "मतं फिरलीत त्याची."

"लोकांची फिरतात, मॅडम."

"एखाददुसरं फिरतं. ह्याची सगळी फिरलीत. चार दिवसांच्या आठवड्याला 'छे' म्हणाला होता, आता हो म्हणतो. गेमवर बंधन नको होतं, आता हवं. ऐक."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी त्याचा आवाज, अर्ध्यावर थांबलेला. मग तिचा "हं". मग उत्तर. दुसरं लावलं, तिसरं लावलं. घुमीने स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. तिला वाटायचं तिचा "हं" म्हणजे कोरा कागद. पण ते काहीतरी भलतंच होतं! मताशी जुळलं तर लांब, खाली उतरणारं, मांजर उन्हात पसरल्यासारखं. नाही जुळलं तर तुटकं, दार लावल्यासारखं. आणि तो लबाड दर वेळी अर्ध्यावर थांबून दार लागतंय की उघडतंय ते ऐकत होता.

"तू त्याला मत दिलंस, घुमे," मॅडम म्हणाल्या. "इतक्या मुली इथे येऊन गेल्या, असं कुणाला जमलं नव्हतं. आज शेवटचा फोन कर, आभाराचा मजकूर वाच. त्याचं नाव आणि नंबर आपण काढून टाकतोय."

घुमी जागेवर येऊन बसली. फोन तुटणार ह्याचं दुःख होतंच. पण त्याच्याहून खोल एक काटा रुतला होता. ज्या माणसावर जीव जडला, तो माणूस मुळात होता तरी का? की भिंतीवर चेंडू मारावा तशी तिचीच मतं तिच्याकडे परत येत होती आणि तीच खुळी त्यांच्या प्रेमात पडली होती?

तिने फोन लावला.

"आज लवकर!" त्याचा आवाज उजळला. "अजून महिना कुठे झाला?"

"आपण दिलेल्या वेळेबद्दल आम्ही आभारी आहोत. आजपासून आपला सहभाग..." मजकूर एवढासाच होता, पण तिने तो मध्येच सोडला. "तुम्ही खोटं का बोललात?"

"काय?"

"चार दिवसांच्या आठवड्याला तुम्ही हो म्हणालात. खरं मत काय तुमचं?"

पलीकडे त्याने पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "खरं? नको मला चार दिवस. सुट्टीच्या दिवशी घरात मी आणि फ्रिज. तो तरी मधूनमधून गुरगुरतो. आणखी एक सुट्टी घेऊन काय करू?"

"आणि गेमवर बंधन?"

"अजिबात नको."

"अजिबात नको? पोरांचे डोळे गेले तरी?" घुमी खुर्चीतून अर्धी उठली. शेजारच्या मुलींचे फोन थबकले. "आणि ते... आई रागावते ते? तेही खोटंच?"

"मत तुमचं होतं," तो म्हणाला. "वाक्य माझं होतं. तुमच्या त्या 'हं'साठी मी दुपारभर केबलला लटकून वाक्यं जुळवायचो. तुम्हाला आवडलं की तुमचा आवाज... जाऊ दे. माझं सगळं चुकलं."

"चुकलंच! एक मत धड सांभाळता येत नाही तुला?"

"मला 'तू' म्हणालीस."

"म्हणाले! आणि चार दिवसांचं तर तुझं साफ चुकतंय. घर रिकामं आहे म्हणून जगाची सुट्टी रद्द करायची?"

"मग काय करायचं? सांग ना. वर्षभर विचारतोय."

घुमीने मान वर केली. समोर काचेपलीकडे मॅडम हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सावकाश हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दारात येऊन म्हणाल्या, "नाव काढलंय त्याचं. आपले नियम यादीतल्या माणसांना. बाकीच्या जगाशी काय बोलायचं ते बोल, पण ऑफिसची लाईन अडवून नको. बाहेर जाऊन भांड."

घुमीने फोनवर इमारतीचा पत्ता सांगितला. कोपऱ्यावरचा बसस्टॉपही सांगितला. शेवटी म्हणाली, "आणि येताना स्वतःची मतं घेऊन ये."

संध्याकाळी बारीक भुरभुर होती. तो स्कूटरवरून उतरला. आवाजाच्या मानाने उंचीला बराच कमी, कोपराला ग्रीसचा डाग, आणि डोळे असे की पाहताच घुमीने पाठ केलेले सगळे मुद्दे विसरावेत. क्षणभर विसरलीही. तोही नुसता बघत उभा. त्याला तिच्या चेहऱ्याचा नमुना कधी मिळालाच नव्हता, तो आता नाकापासून हनुवटीपर्यंत एकेक गोष्ट लावून बघत होता.

"मला असं वाटतं," त्याने सुरुवात केली, "की गेमच्या बाबतीत..."

"आधी माझं ऐक," घुमी म्हणाली.

आणि ती बोलायला लागली. आजवर आत्याच्या घरात न मावलेलं सगळं बाहेर यायला लागलं. गेमवर बोलली, शाळेवर बोलली, बसच्या तिकिटावर बोलली. पडद्याचा रंग आपल्याला कधीच आवडला नव्हता, हेही सांगितलं. बस आल्या आणि गेल्या. एका बसचा ड्रायव्हर म्हणे तिकिटाचा मुद्दा ऐकायला इंजिन बंद करून खाली उतरला, आणि आतल्या प्रवाशांनी तक्रार करण्याऐवजी खिडक्या उघडल्या. लिफ्टवाला मध्येमध्ये "नाही पटत" म्हणायचा, आणि दर "नाही पटत"ला घुमीचा चेहरा आणखीच उजळायचा. समोर भिंत नव्हती. माणूस होता – आडमुठा, स्वतःच्या डोक्याचा.

"...आणि सुट्टीचं म्हणशील तर एक दिवस काय करायचं ते मी शिकवीन तुला. आणि मला तू आवडतोस, पहिल्या फोनपासून, पण तो मुद्दा वेगळा आहे. मी काय म्हणत होते, मुलांच्या डोळ्यांचं..."

"थांब," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "त्या वेगळ्या मुद्द्यावर मी काही बोलू?"

"नाही," घुमीने त्याची बाही घट्ट धरली. "माझं अजून संपलं नाही."