घरी जायचा सूर

रविवारी सकाळी उत्कर्षा तालमीला पोचली तेव्हा शेडमध्ये जिवल्या नव्हता. त्याच्या जागी एक स्टूल होतं आणि स्टुलावर बटणांचा काळा डबा.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे ही पत्र्याची शेड. शेजारी नाला, त्याचा नाकात बसणारा वास. इथेच 'तिसरी पाळी' हा बँड उभा राहिला. मनीषची गिटार, जितेशचे ड्रम, उत्कर्षाचा गळा आणि मनोरपलीकडच्या पाड्यावरून एसटीने येणारा जिवल्या, आपला फुंकून वाजवायचा दुधी भोपळ्याचा तारपा घेऊन. गाणं कुजबुजत सुरू व्हायचं, गिटार मागे कुरकुरत राहायची, आणि मग तारपा असा काही उसळायचा की ऐकणारा जागीच डोलायला लागायचा.

स्टेजवर ते कधी चढलेच नाहीत. जिवल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तारप्याला पाठ दावायची नाय. मी पन तुमाला पाठ दावनार नाय." म्हणून मैदानाच्या मधोमध तो, भोवती हे तिघं आणि त्यांच्याभोवती लोक. या गोलानेच बँडचं नाव डहाणूपासून ठाण्यापर्यंत गेलं, आणि मग मुंबईची एक म्युझिक कंपनी दारात आली.

"दादा कुठेत?" उत्कर्षाने विचारलं.

"त्याची आता गरज नाही," मनीष तारा जुळवत म्हणाला. "गेल्या आठवड्यात इथे बसवून त्याचा एकेक सूर भरून घेतलाय. बटण दाबलं की तारपा. एसटी चुकायची भानगड नाही, पाड्यावर लग्न निघायची भानगड नाही. कंपनीला वेळ पाळणारी माणसं लागतात."

"माणसं लागतात ना? मग हा डबा कशाला?"

"तू गा गं. डोकं नको खाऊस."

उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो! ज्याच्या फुंकरीवर ही सगळी वरात निघाली, त्याला साधा निरोपसुद्धा नाही? जितेशने मान खाली घातली. मनीषने बटण दाबलं.

आवाज हुबेहूब जिवल्याचाच होता. फक्त मधे श्वास घ्यायला तो कुठे थांबत नव्हता. गाणं चालू असताना जितेशचं स्टूल हळूहळू फिरत गेलं, आणि गाणं संपलं तेव्हा तो जिवल्याच्या जागेवरच्या डब्याकडे तोंड करून बसला होता.

"फिरलास का रे?" तिने विचारलं.

"मी कुठे फिरलो?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पाड्यावर गेली. जिवल्याच्या बायकोने, नवसीने, पाणी दिलं. जिवल्याने भिंतीवरचा तारपा काढला आणि फुंकला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, बोटं भोकांवरून झरझर फिरली. अंगणातली कोंबडी माती उकरत होती, तेवढंच काय ते ऐकू आलं.

"नवे करून पायले. तसंच," तो म्हणाला. "वारा जातो, आवाज नाय येत. त्या दिसापासून."

"समदं घेऊन बसले ते!" नवसी कडाडली. "आता पाड्यावर नाच कसा होयाचा, सांगा तुमी!"

"मी परत आणते, दादा," उत्कर्षा म्हणाली. "मनीषच्या बापाचा माल नाही तो!"

जिवल्याने तारपा परत भिंतीवर टांगला. "त्याला येक सांगा. नाच सोडवायचा सूर येगळा. आमी त्याला घरी जायचा सूर बोलतो. तो वाजल्याबिगर गोल सुटत नाय. आन तो त्यानं भरलाच नाय. त्या दिशी नाच नव्हता, मंग मी सोडवू काय?"

शनिवारी कंपनीने ठेवलेल्या कार्यक्रमाआधी तिने हे मनीषला सांगितलं. तो हसला. "कंपनीची माणसं समोर बसलीत, आणि तू भुताखेताच्या गोष्टी काय सांगतेस?"

"हे मी शेवटचं गाणार. मग डबा मी नेणार, आणि आडवा आलास तर बघ!"

सूर्य कलला होता. या वेळी उंच स्टेज होतं, पुढे एकटा मनीष आणि मागे जितेश, उत्कर्षा. मैदान खच्चून भरलेलं. त्यांचं गाजलेलं गाणं आलं आणि त्याने बटण दाबलं.

पहिल्या रांगेने स्टेजकडे पाठ केली. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच. मैदानाच्या मधोमध चटईएवढी जागा आपोआप मोकळी झाली, आणि सगळे तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. एकमेकांच्या कमरेला हात गेले. गोल फिरू लागला. कंपनीची माणसं, चहावाला, लेकराला कडेवर घेतलेली बाई, सगळे त्यात होते.

"अरे, इकडे बघा! पैसे देऊन आलात ना?" मनीष ओरडला. एकही मान वळली नाही.

त्याने बटण सोडलं. तारपा बंद झाला.

गोल चालूच राहिला.

त्याने वायर उपटली. आता फक्त पाय ऐकू येत होते.

शिव्या घालत तो खाली उतरला आणि एकाची कॉलर धरली. थोड्या वेळाने तोही रांगेत होता. तोंडाने शिव्या चालूच होत्या, पण पाय तालात पडत होते.

उत्कर्षाने फोन लावला. "दादा, वाजवा! घरी जायचा सूर! फोनवरच वाजवा!"

तिकडून नुसता वारा आला. पुन्हा वारा. मग जिवल्याची धाप.

"नाय येत, ताई. तुमी कुठं हाव?"

"स्टेजवर."

तिकडे फोन कानाशी घासल्याचा आवाज आला.

"नाय, ताई," तो हळूच म्हणाला. "पाय ऐकू येतात तुमचे."

तिच्या कमरेला जितेशचा हात होता. स्टेज कुठे राहिलं ते बघायला उत्कर्षाने मान वळवली. मान वळेना.