आउगुस्तचं गाव

छत्री मिटवण्याच्या गडबडीत गिझेला चर्चच्या दारातच एका तरुणावर आदळली. त्याच्या हातातली लाकडं धडाधडा खाली पडली.

"माफ करा हं!" लाकडं गोळा करता करता तिनं विचारलं, "इथे जुनं जर्मन अक्षर वाचणारे कुणी आहेत म्हणे... कुठे भेटतील?"

"आत्ताच भेटले की. त्यांच्या पायावर ओंडका पडलाय." तो हसला. "एलिसेओ वेंचुमिल."

"वेंचुमिल...?" इथल्या मूळ रहिवाशांचं आडनाव, आणि जर्मन वाचणार? तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

"आई इथल्या जर्मन पाद्रीबाबांचे कपडे धुवायची. मी त्यांच्या टेबलाखाली बसून अक्षरं गिरवायचो. आता चर्चच्या नोंदी मीच सांभाळतो. आणि तुम्ही?"

"गिझेला क्लिंगे."

"नाव जर्मन, आणि वाचता येत नाही?"

"एक अक्षर नाही," तिनं कबूल केलं.

तिला राजधानी सांतियागोहून इथे येण्यासाठी जेमतेम तीन आठवड्यांची रजा मिळाली होती. हॅम्बुर्गच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी तिची वाट पाहत होती. पण जर्मन पासपोर्टसाठी खापरपणजोबा आउगुस्त क्लिंगे जर्मनीतल्या कुठल्या गावाहून इथे आले, याचा पुरावा हवा होता. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग रोज दुपारी शेगडीशेजारच्या टेबलावर चर्चच्या जुन्या नोंदींच्या जाडजूड वह्या उघडायच्या. तो बोटानं ओळ दाखवायचा, ती अडखळत वाचायची. बाहेर यांकिवे सरोवरावर पाऊस कोसळत असायचा.

"हा 'एस' आहे, गिझेला. तू 'एफ' वाचतेस."

"तुझ्या शर्टाला धुराचा वास येतो. लक्ष लागत नाही."

"उद्या धुऊन घालतो."

"नको... असू दे," ती पटकन म्हणाली. मग उगीचच वहीत डोकं खुपसून बसली. एलिसेओ पान उलटायचं विसरून गेला.

रजेचे दोनच दिवस उरले. शुक्रवारी तिनं आणलेल्या रानबेरींच्या केकला त्यानं हातही लावला नाही. एक वही उघडून तिच्यापुढे सरकवली.

आउगुस्त क्लिंगे. वय चोवीस. सुतार. गाव – लिंडेनरोडा.

"मंगळवारी सापडलं," तो खाली बघत म्हणाला. "सांगितलं नाही. कागद मिळाला की तू जाणार... म्हणून. चुकलंच माझं."

गिझेलानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मी सोमवारी वाचलं."

"काय?"

"तू लाकडं आणायला गेला होतास तेव्हा. वाचलं, आणि चार पानं मागे उलटून ठेवली."

"मग रोज कशाला येत होतीस?"

"तू शिकवतोस छान," ती म्हणाली, आणि वही बाजूला सारली. "खुळ्या, अजून कसं सांगू?"

त्यानं तिचा हात धरला. धरलेला हात बघत विचारलं, "जाशील?"

"जाईन. वर्षभराचा करार आहे, आणि ही नोकरी मला हवीय. पण परत येईन, एलिसेओ. इथे. तुझ्याकडे."

"वाट बघेन," तो म्हणाला. "रोज चिडचिड करीन, पण बघेन."

मग त्यानं कोरा कागद घेतला, नोंद सुवाच्य अक्षरात उतरवली, चर्चचा शिक्का मारला. सहीपाशी त्याची लेखणी थांबली.

"तारीख कुठली घालू? मंगळवारची?"

"आजची घाल," ती त्याच्या खांद्याला टेकत म्हणाली. "मधले दिवस आपले."